अस्वलांचा सिनेमा चिटगुप्प्यात कामून चालला

मुक्काम मिर्यालगुडा,
माघ महिना (तिथी विचारली तर इकडचा माणूस तेलुगूत सांगतो, आणि ती मला मराठीत उतरवता येत नाही).

सौभाग्यवती सुमनअक्काच्या पायांवर डोकं, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या आप्पाराव दाजींना गुडघ्यापर्यंत वाकून, धाकट्या उद्धवचा नमस्कार. (दाजी, पायापर्यंत वाकलो असतो, पण मागल्या पत्रात तुम्ही अक्काच्या तोंडची वाक्यं जरा जास्तीचं तिखट घालून लिहिलीत असा माझा संशय आहे. तर असं करू. कंसाबाहेरचं अक्कासाठी, कंसातलं तुमच्यासाठी. कंस आला की खोकायचं आणि मनात वाचायचं. तुमचा खोकला खराच असल्यानं तिला शंका येणार नाही.)

अक्का, मी खुशाल आहे. तुझ्या टाचांच्या भेगा भरल्या का, काळी म्हैस दूध सोडायली का अजून अडून बसती, दाजींचा खोकला कमी आहे का वाढलाय, सगळं कळव. इकडं दोन्ही वेळा भात. भात खाताना पोट तुडुंब भरतं, आणि हात वाळायच्या आत पुन्हा मोकळं होतं. खानावळीत ज्वारीची भाकरी मागितली तर तो माणूस हळू आवाजात विचारतो, घरात कोण आजारी आहे. बाकी तब्येतीला काही झालेलं नाही. डोक्याला झालंय, आणि त्यासाठीच लिहायलो.

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस, "चिटगुप्प्यापतोर आलास, मग येळवसला आपल्या शेताला कामून आला न्हाईस? सकाळी निघाला असतास तर भज्जीला पोचला असतास. तुझ्या वाटची भज्जी गड्यानं खाल्ली, आन खाताना तो तुझ्यापेक्षा गोड बोलला." अक्का, याचं उत्तर एका ओळीत मावत असतं तर मी कार्डच टाकलं असतं. पण ते उत्तर पाकिटातसुद्धा मावेल का नाही ते मला अजून कळलेलं नाही, कारण खरं काय झालं हेच मला कळलेलं नाही. मी फक्त जसं झालं तसं सांगतो, अर्थ तू लाव. तुला नाही लागला तर दाजींना लावू देऊ नकोस, ते हसतात.

आधी माझी नोकरी काय ते नीट समजून घे. तू सगळ्या हळ्ळीखेडभर सांगत फिरतीस की आमचा उद्धव सिनेमात आहे, आणि बाया मला पडद्यावर शोधतात. मी पडद्यावर नाही, पडद्याच्या दोरीला आहे. नरसय्या सेठचा फिरता तंबू आहे. सेठ सिकंदराबादचे, घरी तेलुगू बोलतात आणि आम्हाला दखनीत शिव्या देतात. पोलीस ॲक्शननंतर कुठंतरी मोडीत निघालेलं एक इंजिन त्यांनी घेतलं, त्यावर वीज करतो आणि गावोगाव सिनेमा दाखवतो. खुंटे ठोकणं, पेट्या उचलणं, भोंग्यातून ओरडणं, दारावर तिकिटं फाडणं हे सगळं मी करतो, पण सेठनं मला ठेवलंय ते यातल्या कशासाठीही नाही. ते काम कुणीही करील. मला ठेवलंय ते एका वाक्यावर. सेठ ज्याला त्याला सांगतात, "इसकू उधर के लोगां समझते." म्हणजे बीदर, हुमनाबाद, चिटगुप्पा, गुलबर्गा या आपल्या भागातली माणसं कशाला हसतील, कशाला रडतील, कधी घराबाहेर पडतील हे या उद्धवला कळतं. हे त्यांना मीच सांगितलं होतं. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसानं आपल्याला दुसरं काय कळतं म्हणून सांगावं? ते वाक्य खरं आहे तोवर नोकरी आहे. ते खोटं ठरलं की मी परत गावाकडं, औताच्या मागं, माझ्या पुढं बैल आणि बैलांच्या पुढं दाजी. (दाजी, रागावू नका. बैल तुमचं ऐकतात, एवढंच म्हणायचंय.) तुला मी गावाकडं आलेलाच बरा, हे मला माहीत आहे. पण अक्का, एका जागी चार दिवस राहिलो की माझे तळपाय खाजायला लागतात, हे तुलाही लहानपणापासून माहीत आहे.

तर दिवाळी झाल्यावर सेठ मुंबईहून एक सिनेमा घेऊन आले. त्यात माणूस म्हणून एकही नाही. सगळी चित्रं. कुणीतरी परमुलखात बसून एकेक चित्र हातानं काढलंय आणि ती चित्रं अशी भराभर पळवली आहेत की हलल्यासारखी दिसतात. एक अस्वलाचं कुटुंब आहे. बाप अस्वल टोपी घालून कामाला जातं, आई अस्वल झाडलोट करतं, दोन पिल्लं आहेत, आणि एक म्हातारं अस्वल आहे, ते बहुतेक सासू असावी, कारण ते एका जागी बसून सगळ्यांच्या हाताकडं बघतं. बोलणं कुठल्या देशाचं ते कुणालाच माहीत नाही, पण बोलतात कमी आणि पडतात जास्त.

सेठचं गणित असं, की मारामारीच्या सिनेमाला एकटा बाप्या येतो. देवाच्या सिनेमाला म्हातारी येती आणि नमस्कार करून पेंगती. पण कुटुंबाच्या सिनेमाला आख्खं घर येतं, नवरा, बायको, लेकरं, सासू, माहेरवाशीण, वर एखादा पाव्हणा. म्हणून त्यांनी मला खुर्चीजवळ बोलवून विचारलं, "उद्धव, तेरे लोगां में ऐसा कौनसा दिन है, सारा खानदान काम-धंदा छोडके एकसाथ घर के बाहर निकलता?"

मी डोळे मिटून सांगितलं, येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या.

आता तूच सांग, यात मी खोटं काय बोललो. येळवसला कोण काम करतं? कोण घरात राहतं? पाळण्यातलं लेकरूसुद्धा गाडीत असतं. सेठ खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि आम्ही आधी चार दिवस जाऊन चिटगुप्प्याच्या बाहेर, गाडीवाटेला लागून तंबू ठोकला.

मी भोंगा घेऊन गावात फिरलो. पहिल्या चौकातच पानपट्टीवाल्या जगदेवप्पानं अडवलं. "कोण कोण हाय यात?" म्हणाला. मी म्हणलं, अस्वलं हायत. "ते ऐकलं. अस्वलाचं सोंग कुणी घेतलंय?" कुणी न्हाई, चित्रं हायत. "म्हंजे आत बसून चित्रं बघायची?" व्हय. त्यानं पानाला चुना लावता लावता मागं भिंतीवरच्या देवांच्या कॅलेंडरांकडं मान केली. "ही बी चित्रंच हायत. गप बसतात. तिकीट मागत न्हाईत." चौकातली माणसं हसली, आणि मीसुद्धा हसलो आणि भोंगा उचलून पुढच्या चौकात गेलो. (दाजी, यावर उत्तर हवंय. तुम्हाला सुचलं तर कळवा.)

येळवसचा दिवस उजाडला. दुपारचा खेळ होता. मी टांग्यात बसून पेठेतून ओरडत निघालो, आजच पाहा, सहकुटुंब पाहा, मराठीत, कानडीत, दखनीत. अर्धी पेठ झाल्यावर टांगेवाले चाचा म्हणाले, "मियाँ, किसकू सुनारे? कुत्ते डररे." तेव्हा मी आजूबाजूला बघितलं. दारोदार कुलपं. ओट्यावर म्हातारं नाही, नळावर बाई नाही, जगदेवप्पाच्या पानपट्टीला फळी लावलेली. सगळं खानदान काम-धंदा सोडून एकसाथ घराबाहेर पडलं होतं आणि गावाबाहेर आपापल्या शेतात, कडब्याच्या कोपीत, चुना लावलेल्या पाच दगडांच्या पांडवांपुढं बसून आंबील प्यायलं होतं.

अक्का, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मल्यापासून दरसाल मी त्या कोपीत बसलोय. पण सेठनं विचारलं होतं, घराबाहेर कधी निघतात. निघून कुठं जातात हे त्यांनी विचारलंच नाही. आणि मी उत्तर देताना मनानं तुझ्या शेतात होतो, तू शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीच्या पातेल्यावरचं झाकण काढायलीस, दाजी ओलगे ओलगे म्हणत पिकात आंबील शिंपडायलेत. त्यात तंबू कुठं ठोकायचा हा विचार कसा येणार?

सेठ तंबूच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आत नुसत्या चटया. "गाँव कां गया?" म्हणाले. मी म्हणलं, खेत में. "कब आता?" दिवे लगने के बाद. सेठनं माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि सांगितलं की जोवर मला तुझी माणसं कळत नाहीत तोवर तू इथून हलायचं नाहीस. अशी माझी येळवस गेली, बाही सेठच्या मुठीत आणि नाक वाऱ्यावर. चारी अंगाच्या शेतांतून भज्जीचा वास येत होता. त्यातला एक वास तुझ्या भज्जीचा होता असं मी म्हणणार नाही, हळ्ळीखेड तेवढं जवळ नाही, पण मी तसं समजून घेतला.

दुपार कलली तेव्हा शेजारच्या शेतातून गुरुपादय्या नावाचे एक म्हातारे गृहस्थ घागरीतून ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील घेऊन आले. मोकळ्या तंबूपुढं दोन माणसं तोंडं पाडून बसलेली, एकानं दुसऱ्याला धरलेलं, तेव्हा त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. "अण्णा, झालं ते झालं, पोटात काहीतरी घाला," म्हणाले. येळवसला वाटेवरच्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही हे सेठना कुठलं माहीत. त्यांनी एक तांब्या प्यायला, चव घेतली, दुसरा प्यायला, तिसऱ्याला "क्या चीज है रे ये" म्हणाले, आणि चौथ्याला खुर्चीतच झोपले. बाही मात्र सोडली नाही. आंबील अंगात चढली की कसं होतं तुला माहीतच आहे. झोप येत नाही, माणूस झोपेत जातो.

दिवेलागण झाली. मल्लिकार्जुननं, म्हणजे आमच्या मशीनवाल्यानं, मालकाला न विचारता इंजिन चालू केलं, कारण त्याला नुसतं बसून कंटाळा आला होता. आणि अक्का, त्याच वेळेला शेतांतून गाड्या परतायला लागल्या. वाट आमच्या तंबूवरून. लेकरांनी उजेड बघितला, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि गाड्यांतून रडारड चालू झाली. बाप्ये पोटभर जेवून नरम झालेले, नाही कोण म्हणणार? एक गाडी थांबली, मागची थांबली, तिच्या मागची थांबली. मी एका हातानं तिकिटं फाडायलो, दुसरा हात खुर्चीला अडकलेला. बायांची बाजू भरली, बाप्यांची भरली, मधल्या कनातीला दोन्हीकडून पाठी लागल्या.

आणि बाप अस्वलानं टोपी घातली न घातली तोच सगळा तंबू झोपला.

एकही माणूस जागा नाही. ज्वारी-बाजरीचे उंडे, भज्जी, खीर आणि वर आंबील, हे सगळं पोटात घेऊन दिवसभर उन्हात बसलेलं माणूस अंधारात चटईवर टेकलं तर दुसरं काय होणार? पडद्यावर अस्वलं धडपडायलेत, पिल्लू नदीत पडलंय, आई अस्वल पळायलंय, आणि समोर आख्खं चिटगुप्पा घोरायलंय, पण इंजिनाच्या धडधडीत ते घोरणं ऐकू येत नाही. तेवढ्यात सेठना जाग आली. त्यांनी आत डोकावलं. तंबू गच्च भरलेला. कुणी शिट्टी मारत नाही, कुणी पडद्यावर काही फेकत नाही, कुणी उठत नाही. सेठनं पंचवीस गावांत सिनेमा दाखवलाय, पण असं शांत बसलेलं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी माझी बाही सोडली, ती नीट केली, आणि हळूच म्हणाले, "देख, कैसा दिल लगाके देखरे." मी मान डोलावली. अंधार होता, ते खुशीत होते, आणि माझा हात नुकताच सुटला होता.

खेळ संपल्यावर माणसं उठवावी लागली. लेकरं पोत्यासारखी गाड्यांत भरली. मला वाटलं, झालं, उद्या पेटी उचलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूपुढं बायांची रांग.

त्याचं कारण असं झालं की तुमच्या गल्लीतली नागव्वा सुईण येळवसला चिटगुप्प्यात लेकीकडं आली होती. तिचा नातू भ्यालेला. कशाला भ्याला ते ठाऊक नाही, पण दिवे लागले की किंचाळायला बसायचा ते कोंबडा आरवेपर्यंत. तो त्या दिवशी पहिलं अस्वल बघता बघता झोपला, गाडीत झोपला, घरी झोपला, आणि ऊन वर आल्यावर उठून भाकरी मागितली. त्या दिवशी सगळं चिटगुप्पा तसंच झोपलं होतं, पण मोठ्या माणसाच्या झोपेची बातमी होत नाही. नागव्वानं नाक्यावर सांगितलं, अस्वल दाखवलं आणि भ्या गेलं. आता आपल्याकडं दरवेशी अस्वल घेऊन आला की भ्यालेलं लेकरू त्याच्या पाठीवर बसवतात, हे काय नवीन आहे? तू मलासुद्धा बसवलं होतंस, आणि मी अस्वलावरून उतरायला तयार नव्हतो. यंदा दरवेशी तिकडं फिरकलाच नव्हता. आणि इथं एक सोडून पाच अस्वलं, तीही टोपी घातलेली.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी मला पटत नाही. कुठून कुठून गाड्या आल्या. तुमच्या गल्लीतूनही एक गाडी भरून आली, तू त्यात नव्हतीस, तू माझ्यावर रागावून घरी बसली होतीस. एकेक बाई दोन दोन लेकरं घेऊन आत जायची, पडद्यावर अस्वल दिसलं की लेकराचं तोंड तिकडं वळवायची, "बघ, बघ, काय करत न्हाई ते," म्हणायची, आणि काम झालं की उठून बाहेर. सिनेमा अर्ध्यावर यायच्या आत तंबू मोकळा. पुढच्या खेळाला पुन्हा गच्च. कुणाची तक्रार नाही, कुणी पैसे परत मागत नाही. पडद्याच्या खालच्या काठाला कुंकू लागलं. एकीनं लेकराचा हात पडद्याला लावायचा हट्ट धरला, तर आई अस्वलाच्या पदरावर पाच बोटं उमटली, ती अजून आहेत. (दाजी, अस्वलाला पदर नसतो हे मला माहीत आहे. तिथं काहीतरी होतं.)

मग नागव्वा अस्वलाचा केस मागायला आली, ताईत करायला. मी म्हणलं, अक्काव्वा, ते खरं अस्वल न्हाई, चित्र आहे. ती म्हणाली, "चित्र कशानं काढलंय?" कुंचल्यानं. "कुंचल्याला काय असतं?" केस. "मग त्यातला दे." (सेठचा दाढीचा ब्रश चिटगुप्प्यातच टकला झाला. सेठना वाटतं उंदरांनी खाल्ला. अक्काला हे सांगू नका, ती नागव्वाला सांगेल आणि गावातले सगळे ताईत परत येतील.)

सेठना मराठी येत नाही, कानडी येत नाही, आणि बायांच्या बाजूला ते जात नाहीत. त्यांनी फक्त गाड्या बघितल्या. रोज खुर्चीवर बसून म्हणायचे, "मैं बोला नै था? लोगां कू हीरो नक्को, मारामारी नक्को, खानदान होना." मी दोन वेळा खरं सांगायला गेलो. पहिल्यांदा त्यांनी मला चहा दिला. दुसऱ्यांदा बसायला खुर्ची दिली. अक्का, मी आयुष्यात पहिल्यांदा मालकासमोर खुर्चीवर बसलो होतो. तिथून उठून, सेठ, बाया अस्वल दाखवून भ्या काढायल्यात, असं कसं सांगू? आणि सांगितलं असतं तर मला माणसं कळतात हे खरं ठरलं असतं का खोटं, ते मला त्या वेळी कळलं नाही. आता तर अजिबात कळत नाही.

कारण सेठनं तोच सिनेमा उचलून इकडं तेलंगणात आणला. मोठा तंबू, नवा भोंगा, तीन दिवस आधी दवंडी. आणि पहिल्याच दिवशी आमच्या तंबूसमोर एक खराखुरा दरवेशी खरंखुरं अस्वल घेऊन उभा. आयांनी लेकरं त्याच्या पाठीवर बसवली आणि घरी गेल्या. सेठनं एकीला विचारलं, आत कामून जात नाहीस, आत पाच आहेत. ती तेलुगूत जे बोलली त्याचा अर्थ मल्लिकार्जुननं सांगितला, "तुमच्या अस्वलावर बसता येत न्हाई."

आत कोण आलं, तर एक मास्तर, त्यांची बायको, आई आणि चार लेकरं. ती सगळी शेवटपर्यंत बसली. हसून हसून लोळली. पिल्लू नदीत पडलं तेव्हा मास्तरांची आई रडली. बाहेर जाताना मास्तर सेठना म्हणाले की असा सुंदर सिनेमा मी बघितला नाही. तेवढं एक घर. दुसऱ्या दिवशी तेच घर पुन्हा आलं, तिसऱ्या दिवशीही. बाकी चटया.

तर अक्का, माझ्या डोक्याचं काय झालंय बघ. जिथं माणसं झोपली तिथं तंबू गच्च. जिथं अर्ध्यावरून उठून गेली तिथं गाड्यांना जागा पुरेना. आणि जिथं जागं राहून, हसून, रडून, शेवटपर्यंत बघितलं, तिथं तंबूत वारा. मग सिनेमा चांगला असणं आणि सिनेमा चालणं यांची एकमेकांशी काही सोयरीक आहे का नाही? मी मल्लिकार्जुनला विचारलं. तो म्हणाला, "सिनेमा मशीनवर चालतो. तेल वेळेवर घालायचं. बाकीचं सगळं बोलणं हाय." एकटा तोच सुखी दिसतो.

काल सेठनं मला बोलावलं. खुर्ची दिली नाही. म्हणाले, "उधर चला, इधर नै चला. काइकू? तेरेकू लोगां समझते ना, बोल." मी म्हणलं, विचार करून सांगतो. ते म्हणाले की विचार मी करतो, तुला पगार कळण्याचा आहे. शिवरात्रीच्या आधी कारण सांग, नाहीतर तुझं बिऱ्हाड तू उचल. म्हणून तुला लिहायलो. येळवसला कामून आलो नाही ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. नसेल आलं तर दाजींना पहिल्यापासून परत वाचायला लाव, त्यांचा घसा तेवढा मोकळा होईल.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या गालाला चिमटा, आणि काळ्या म्हशीला माझं नाव सांग, मग बघ दूध सोडती का. तुझ्या हातची भज्जी न मिळालेला,

तुझा भाऊ
उद्धव

ता. क. पुढच्या येळवसला नक्की येणार. सेठही येणार म्हणतात. त्यांना आंबील आवडली, पण ती दारू नाही यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्यासाठी घागर वेगळी ठेव.

ता. क. दुसरा. वरच्या अस्वलांच्या सिनेमाविषयी मी एवढं लिहिलं खरं, पण तो मी शेवटपर्यंत बघितलेला नाही. चिटगुप्प्यात पहिल्या दिवशी गुरुपादय्यांची आंबील मीही प्यायलो होतो, आणि नंतर सगळा वेळ दारावर. पिल्लू नदीतून निघालं का नाही, हे गाडीतून आलेल्या कुणाला विचारून कळव. कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

ता. क. तिसरा, आणि हा खरा. (दाजी, हा कंसात नाही, मोठ्यानं वाचा.) पत्र बंद करायलो होतो तेवढ्यात सेठ आले. त्यांनी चित्रांचा आणखी एक सिनेमा घेऊन टाकलाय. आता उंदरांचं कुटुंब आहे. विचारलं, कुठं चालेल? माझ्या तोंडून निघून गेलं, हळ्ळीखेडला. शिवरात्र झाली की तंबू तुमच्याकडं येतोय, आणि तिथं चालला तर कारण सांगायची गरज नाही, नोकरी राहिली, असं सेठनं कबूल केलंय. दाजी म्हणतील, उंदीर तिकीट काढून कशाला बघायचे, कणगीत फुकट नाचतात. गावही तेच म्हणेल. पण मी पत्र उघडंच ठेवून सारा दिवस डोकं खाजवलं आणि मला एक आठवलं. लेकराचा दुधाचा दात पडला की आपण तो उंदराच्या बिळात टाकतो आणि म्हणतो, हा जुना घे, तुझ्यासारखा नवा दे. अक्का, बाकी माझ्यावर कितीही रागाव, एवढं एक कर. आमचा तंबू येईस्तोर हळ्ळीखेडात कुणाच्याही लेकराच्या हलत्या दाताला हात लावू देऊ नकोस.